कोकणकड्याची अमूर्त चित्रे कशी घडत गेली

सह्याद्रीचे चित्र काढायचे म्हटले की मराठी माणसाच्या मनात आधी एक बाह्यरेषा उमटते. रतनगडाचे नेढे, नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा, गोरखगड आणि मच्छिंद्र यांची जोडी, राजगडाचा बालेकिल्ला हे सगळे आपण आकाशावर उमटलेल्या छायाकृतींच्या रूपात ओळखतो, आणि ज्याने घाटवाटा तुडवल्या आहेत तो तर एसटीच्या खिडकीतूनही त्यांची नावे सांगत जातो. मीही बरीच वर्षे तशीच जलरंगचित्रे करीत होते. ती वाईट नव्हती, विकलीही जात; पण त्यांच्यासमोर उभा राहणारा माणूस डोंगर ओळखण्याच्या आनंदात इतका रमून जाई की एकदा नाव उच्चारले की त्याचे पाहणे संपे. मला डोंगराच्या ज्या गोष्टींची ओढ होती, म्हणजे त्याचे वजन, त्याची उंची पोटात जाणवण्याची तऱ्हा, उन्हात तापलेल्या कातळाचा खरखरीतपणा, त्या त्या बाह्यरेषेच्या आत कोठेही सापडत नव्हत्या. अमूर्त चित्रणाकडे मी कोणा सिद्धांताच्या प्रभावाने वळले नाही. ही रेषा काढून टाकली तर चित्रात काय उरते, एवढेच मला पाहायचे होते.

त्यासाठी मी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा निवडला, कारण वरून पाहताना या कड्याला बाह्यरेषाच नसते. अकोले तालुक्यातील पाचनई गावातून गडावर चढून, हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर मागे टाकून पश्चिमेकडे चालत गेले की जमीन एकाएकी संपते. कडा अर्धवर्तुळात आत वळलेला आहे आणि त्याची भिंतही मधल्या भागात आत गेलेली आहे, त्यामुळे काठावर उभे राहून पायाखालची भिंत दिसत नाही; ती पाहायची तर पोटावर झोपून डोके पुढे काढावे लागते आणि तेथे जाणारे पूर्वापार तसेच पाहत आले आहेत. या स्थितीत निसर्गचित्राची सगळी ओळखीची मांडणी मोडून पडते. क्षितिज डोळ्यांसमोर नसते, कपाळाच्या वर कोठेतरी असते. चित्राच्या खालच्या कडेला जेथे एरवी जमीन येते, तेथे आपली स्वतःची छाती असते. जवळचे आणि लांबचे यांच्यामध्ये झाड, घर, रस्ता असे कोणतेही टप्पे नसल्याने डोळ्याला अंतर मोजता येत नाही, आणि जे डोळ्याला मोजता येत नाही ते शरीर भीतीच्या रूपाने मोजू लागते. पावसाळ्यात तर ढग खालून वर येतात आणि घाटमाथ्यावरून पडणारे पाणी वाऱ्याच्या झोताने उलटे वर फेकले जाते, म्हणजे वर आणि खाली या दोन शब्दांवरही फार विसंबून राहता येत नाही.

हीच भिंत खालून पाहायची तर मुरबाडच्या बाजूने बेलपाड्याला जावे लागते, जेथून नळीची वाट गडावर चढते. तेथे कडा मान दुखेपर्यंत डोक्यावर उभा असतो आणि दुपारनंतरचे ऊन त्याच्यावर सरळ पडते. वरून पाहिलेली आणि खालून पाहिलेली भिंत एकच आहे हे बुद्धीला कळते, पण कागदावर त्या दोन्ही एकत्र आणायच्या कशा, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सुटत नव्हता. अकराव्या शतकातील चिनी चित्रकार ग्वो शी यांनी डोंगराच्या चित्रातील अंतराचे तीन प्रकार सांगितले आहेत: पायथ्याकडून शिखराकडे पाहतानाचे उंच अंतर, समोरून डोंगराच्या मागच्या भागात शिरणारे खोल अंतर, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगरांकडे नजर टाकतानाचे सपाट अंतर. आपल्या कलाशाळांमध्ये शिकवले जाणारे यथार्थदर्शन एका जागी खिळलेला एकच डोळा गृहीत धरते. ग्वो शी यांच्या परंपरेतील चित्रात मात्र ही अंतरे एकाच रेशमी पटावर सुखाने नांदतात, कारण पाहणारा त्या चित्रात चालत असतो. कोकणकड्यासाठी मला यात काठावरून खाली पाहण्याच्या चौथ्या अंतराची भर घालावी लागली. त्याच परंपरेत खडकाच्या पोतांसाठी कुंचल्याचे निरनिराळे फटकारे ठरलेले आहेत, आणि त्यांतील कुऱ्हाडीच्या घावासारखा तिरपा, तुटक फटकारा पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटले की बेसॉल्टचा कातळ कुंचल्याने उतरू शकतो.

जागेवर जाऊन मी कधीही पूर्ण चित्र करीत नाही, तेथे फक्त नोंदी करते. उन्हाळ्यात, गवत वाळून किंवा वणव्यात जळून गेल्यावर, डोंगराचा सांगाडा सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि तेव्हा ग्राफाइटची जाड कांडी आणि कोळसा पुरतो. पावसात कोळसा कागदावर टिकत नाही. तेथे मेणाचे खडू चालतात, कारण मेणाची रेघ ओल्या कागदावरही उमटते आणि वरून पडणारे पाणी तिच्या बाजूने रंगाचे ओघळ पसरवत जाते, जे पुढे उपयोगी पडतात. काठावर झोपून काढलेल्या नोंदींसाठी मी कागदाकडे न पाहता हात चालवते. नजर भिंतीवरून उतरत असते आणि हात तिच्या मागोमाग जात असतो. नजर जेथे अडखळते तेथे रेघही अडखळते, आणि भीती वाटली तर ती रेघेच्या दाबात दिसते. या नोंदी नंतर पाहताना त्यांतून कड्याचा आकार ओळखू येत नाही, पण कोणती नोंद काठावरची आणि कोणती पायथ्याची हे मला दाबावरून लगेच कळते. छायाचित्रे मी घेते, तरी चित्र चालू असताना ती समोर ठेवत नाही. कॅमेऱ्याचे भिंग सगळ्या भिंतीला सारखाच न्याय देते आणि तो न्याय चित्राच्या काही कामाचा नसतो.

पाचनईतील एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना मी मामा म्हणत असे, माझ्याबरोबर अनेकदा गडावर आले. माझ्या वह्या पाहून त्यांनी कधी चांगले-वाईट म्हटले नाही, मात्र एका उन्हाळ्यात मी समोरच्या डोंगराची कडा न् कडा रेखाटत बसले असताना ते म्हणाले, "ताई, डोंगर असा लांबून पाहून कळत नाय. पाय कुठं बसंल ते पाहायचं." मग त्यांनी त्या डोंगराचे जे वर्णन केले त्यात शिखराचा उल्लेखही नव्हता. त्यात सोंड होती, तिच्यावरून जनावरे उतरतात ती वाट होती, दोन कड्यांच्या मधला सपाट पदर होता, पावसात पाणी येणारी आणि उन्हाळ्यात चढता येणारी नाळ होती, आणि अमुक ठिकाणी कातळ गुळगुळीत असल्याने तेथे जायचे नाही, अशी बंदी होती. हा सगळा डोंगर हालचालींनी आणि अडथळ्यांनी बनलेला होता. माझ्या चित्रांच्या मांडणीवर एवढा थेट परिणाम करणारे दुसरे काही मला आठवत नाही, कारण त्यानंतर चित्र पाहणाऱ्याचा डोळा कोठून आत शिरेल, कोठे विसावेल, कोठे घसरेल आणि कोठे त्याला वाट मिळणार नाही, याच भाषेत मी रचनेचा विचार करू लागले.

दुसरी मदत भूशास्त्राकडून झाली. सह्याद्रीचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. दख्खनचा हा बेसॉल्ट आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे, आणि त्याचे थर बहुतेक ठिकाणी आडवे असल्याने आपल्या डोंगरांना त्या ओळखीच्या पायऱ्या पडतात: कठीण थराचा कडा, मऊ थराचा उतार किंवा पदर, पुन्हा कडा. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीसारखा एक पातळ पट्टा दिसतो, ज्याला भूशास्त्रात बोल म्हणतात. एक लाव्हाप्रवाह थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात वरचा भाग हवापाण्याने कुजून हा थर झाला आणि पुढच्या प्रवाहाखाली भाजला गेला. म्हणजे डोंगरातील ती तांबडी रेघ ही दोन घटनांमधल्या थांबण्याची नोंद आहे. यापेक्षाही माझ्या कामाला अधिक उपयोगी पडलेली गोष्ट अशी की, कडा कोणी उभारलेला नाही. थर साचले ते आडवे; त्यानंतर पाण्याने, उन्हाने आणि वाऱ्याने पश्चिमेकडून खडक काढून काढून आजची उभी भिंत उघडी पाडली. आपण ज्याला डोंगराचा आकार म्हणतो तो निघून गेलेल्या दगडाने घडवलेला आहे.

हे लक्षात आल्यावर कॅनव्हासवर कुंचल्याने कड्याचा आभास रचत बसण्यात मला अर्थ वाटेना. त्याऐवजी चित्र डोंगराच्या क्रमानेच करावे, म्हणजे आधी आडवे थर देत जावे आणि मग ते काढत जावे, असे मी ठरवले. असा निर्णय ऐकायला मोठा नेमका वाटतो, परंतु त्याने चित्र चांगले होण्याची कोणतीही हमी मिळत नाही. फक्त दररोज सकाळी स्टुडिओत गेल्यावर काय करायचे हे कळते, आणि अमूर्त चित्रकाराच्या आयुष्यात हेही थोडे नसते.

कापडी कॅनव्हास या कामाला टिकत नाही. खरवडताना तो ताणतो, दाबाखाली मागे जातो आणि जाड थरांच्या वजनाने मध्येच लोंबतो. म्हणून मी १२ मिलिमीटर जाडीचे मरीन प्लाय वापरू लागले, त्याच्या मागे लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घेते, आणि फळी वाकू नये म्हणून पुढच्याप्रमाणे मागची बाजूही बंद करते. माझ्या बहुतेक फळ्या ६ फूट उंच आणि ४ फूट रुंद असतात. पुढच्या बाजूला गेसोचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे, हात देऊन, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून घेतले की पाया तयार होतो. त्यावर पहिला थर गेरूच्या जवळ जाणाऱ्या तांबड्याचा आणि पिवळ्या मातकट रंगाचा, दुसरा करडा, तिसऱ्यात दगडाची कच, मग पुन्हा पातळ तांबडा, मग गडद, असे ते वाढत जातात. गड अभयारण्याच्या हद्दीत असल्याने तेथून दगड-माती आणण्याचा प्रश्नच नव्हता. खडी क्रशरवर मिळणारी बेसॉल्टची कच मी आणते, जी तशीही आपल्या सगळ्या इमारतींमध्ये जात असते. ती भरपूर पाण्यात धुऊन तिच्यातील भुकटी काढून टाकावी लागते, नाहीतर भुकटी सगळे माध्यम शोषून घेते आणि थर ठिसूळ होतो. वाळवलेली कच चाळून बारीक आणि भरड अशी वेगळी करते, आणि साधारण एक भाग कचेला दोन भाग ॲक्रिलिकचे जेल माध्यम घालून, थालीपिठाच्या पिठाइतके घट्ट झाले की ते फळीवर थापते.

दगडाची भुकटी रंगद्रव्य म्हणून वापरण्याचा मोह मात्र मी लवकरच सोडला. बेसॉल्ट खलून माध्यमात घोटला तर एक मेलेला, मध्यम करडा रंग मिळतो, ज्यात त्या कातळाचे काहीही शिल्लक नसते. प्रत्यक्ष स्थळाची माती चित्रात घातली म्हणजे ते स्थळ चित्रात आले, ही समजूत अलीकडे फार ऐकू येते. माझ्या मते ती चित्रापेक्षा चित्राशेजारच्या माहितीफलकाच्या अधिक कामाची आहे. कच मी घालते ती तिच्या धारेसाठी, कारण तिच्यावरून पत्रा ओढला की तो अडखळतो आणि त्या अडखळण्याची खूण मला हवी असते.

सर्वांत कठीण भाग खरवडण्याच्या वेळेचा आहे. त्यासाठी मी घरांना रंग देणारे कारागीर लांबी भरायला वापरतात तो पत्रा वापरते, शिवाय जुनी करवतीची पाती, तारेचा ब्रश आणि वेगवेगळ्या भरडपणाचे पॉलिश पेपर. ॲक्रिलिक वरून आधी वाळते. वर कातडे धरलेले असते तेव्हा खाली ओल असते. या अवस्थेत पत्रा घातला तर वरचा थर ढलप्यांनी सुटतो आणि त्याच्या तुटलेल्या कडा खरोखर कातळ फुटावा तशा कोनदार मिळतात. थोडे आधी खरवडले तर नुसता चिखल होतो, आणि पूर्ण वाळल्यावर खरवडले तर घासल्याच्या गुळगुळीत खुणा उमटतात, ज्यांचाही उपयोग आहे, पण तो वेगळा. पुण्यात मे महिन्यात ही मधली अवस्था काही मिनिटांत निघून जाते, त्यामुळे उन्हाळ्यात मी पहाटे काम करते आणि फळीवर पाण्याचा फवारा मारत राहते. पावसाळ्यात हीच अवस्था तासन्‌तास टिकते आणि हाताला विचार करायला वेळ मिळतो. माझी पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील चित्रे वेगळी दिसतात त्याचे कारण लोक प्रेरणेत शोधतात. खरे कारण हवेतील दमटपणा आहे.

खरवडताना खालचे थर कोठे उघडे पडतील हे अर्धे मला ठाऊक असते. तांबडा थर कोठे आहे हे माहीत असते, पण तो किती रुंद दिसेल हे पत्र्याच्या कोनावर ठरते. बहुतेक वेळा तो एखाद्या तुटलेल्या कडेखाली दोराएवढाच दिसतो, आणि तेवढाच पुरेसा असतो; तो रुंद झाला की चित्र एकदम जखमेसारखे दिसू लागते आणि त्यात नको ती नाट्यमयता शिरते. काढलेला भाग पुन्हा भरायचा नाही असे मी स्वतःवर बंधन घातलेले आहे. नवा थर द्यायचा तर तो पूर्ण फळीवर द्यायचा, एखाद्या भागाला ठिगळ लावायचे नाही. या बंधनामुळे काही फळ्यांवर थर इतके चढले की त्या एकट्या माणसाला उचलता येत नाहीत.

रंगांच्या बाबतीत कोरडा बेसॉल्ट काळा नसतो हे आधी मान्य करावे लागले. तो तपकिरी करडा असतो, त्याच्यावर दगडफुलाचे पांढरट डाग असतात, आणि तो काळा होतो तो फक्त भिजल्यावर. नळीतला तयार काळा रंग मी वापरत नाही, कारण तो प्रकाश गिळून टाकतो आणि त्याच्या शेजारचे सगळे रंग मरगळतात. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा यांच्या मिश्रणातून जो गडद रंग मिळतो, तो अंबर वाढवला की उन्हात तापलेल्या भिंतीकडे झुकतो आणि निळा वाढवला की ओल्या भिंतीकडे. हिरव्याचे मला अनेक वर्षे वावडे होते. पावसाळ्यातील सह्याद्री हिरवा असतो हे खरे असले तरी चित्रात तो हिरवा आला की ते लगेच पर्यटन खात्याचे भित्तिपत्रक होते. आता मी तो घेते, पण झिओलाइटच्या प्रमाणात. दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांमध्ये ही खनिजे स्फटिकरूपाने साचलेली सापडतात, आणि स्टिल्बाइटचा फिका गुलाबी किंवा त्याच्यासोबत आढळणाऱ्या ॲपोफिलाइटचा काचेसारखा हिरवा एवढ्या मोठ्या करड्या दगडात बोटभर जागेत असतो. माझ्या सहा फुटी फळीवर हिरव्याला आणि गुलाबीला तेवढीच जागा मिळते.

ॲक्रिलिकचे काम पूर्ण वाळल्यावर त्याच्या काही भागांवर मी तैलरंगाचा अतिशय पातळ, पारदर्शक हात फिरवते. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलटे चालत नाही. जवसाच्या तेलाचे प्रमाण कमी ठेवावे लागते, कारण तेलाने चकाकी येते, आणि चकाकणारा कातळ पाहिला की मला हॉटेलांच्या स्वागतकक्षांतील चित्रे आठवतात. धुके याच टप्प्यावर येते. ते पांढरा रंग लावून येत नाही. गडद भागांवर टायटॅनियम पांढऱ्याचा इतका विरळ पापुद्रा द्यावा लागतो की खालचा गडद त्यातून निळसर दिसावा, जसा तो प्रत्यक्षात दिसतो.

आडव्या रेघेने मला जेवढे छळले तेवढे दुसऱ्या कशाने छळले नाही. चित्रात एक आडवी रेघ आली की माणसाचा डोळा तिला क्षितिज मानतो, तिच्या वरचे आकाश आणि खालची जमीन असे वाटप करून मोकळा होतो, आणि मग चित्र कितीही अमूर्त असले तरी ते एक धूसर निसर्गचित्र होऊन बसते. बेसॉल्टचे थर तर आडवेच आहेत, तेव्हा ही रेघ टाळताही येत नव्हती. यावर मला दोन उपाय सापडले. पहिला म्हणजे सारख्याच जोराच्या अनेक आडव्या रेघा ठेवणे, जेणेकरून कोणा एकीला क्षितिजाचा मान मिळणार नाही. दुसरा उपाय कड्यानेच शिकवला: वजन वर ठेवायचे. काठावर झोपलेल्या माणसाच्या नजरेत खडक वर, म्हणजे जवळ असतो आणि खाली उजेड असतो. बेलपाड्यातूनही गडद भिंत वर आणि उजळ, वाळलेले गवत खाली दिसते. चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागात सर्वांत जड थर आले आणि खालचा भाग उघडा राहिला की पाहणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. तेथून पुढे तो काय पाहतो हे त्याचे त्याने ठरवावे.

फळी जमिनीवर आडवी ठेवून मी तिच्यावर वाकून काम करते, कारण खाली पाहण्याचा ताण पाठीत आणि मानेत असल्याशिवाय हात तसा चालत नाही. पण चित्र अखेर भिंतीवर उभे लागणार असते. आडवे असताना दरी वाटणारी जागा उभी केल्यावर नुसते भोक वाटू शकते, आणि जमिनीवर असताना मंद वाटणारा उतार भिंतीवर अंगावर येतो. म्हणून काम चालू असताना फळी सतत उभी-आडवी करावी लागते, आणि वर-खाली कोणती बाजू हे शेवटी ठरते. ही चार अंतरे एकत्र आणण्याचा प्रश्न या उचलाउचलीत जेवढा सुटला तेवढा कागदावरच्या विचारांत सुटला नाही.

अशा कामात वासुदेव गायतोंडे यांचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराने रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगाचे थर देण्या-काढण्यातून चित्र उभे केले. पण आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणेही त्यांना मान्य नव्हते, कारण अमूर्त म्हटले की कशापासून तरी अमूर्त असा अर्थ निघतो आणि त्यांच्या चित्रांच्या मागे तसे कोणतेही दृश्य उभे नव्हते. त्यांची चित्रे प्रत्यक्ष पाहताना मी तंत्र शिकते, परंतु त्यांच्या वाटेने जाण्याचा दावा मला करता येणार नाही, कारण माझ्या चित्राच्या मागे एक ठराविक कडा आहे. त्या अर्थाने मी चित्रकार सैयद हैदर रझा यांच्या अधिक जवळची आहे. मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे १९२२ मध्ये जन्मलेले रझा बालपणी अनुभवलेल्या जंगलातील रात्रींच्या भीतीबद्दल बोलत, आणि पॅरिसमध्ये अनेक वर्षे काढल्यानंतरही त्यांच्या रंगांमध्ये ती रात्र होती. बिंदूच्या, म्हणजे मोठ्या गोल ठिपक्याच्या, चित्रांमुळे त्यांची जी ओळख झाली तिच्या आधीची, रंगांच्या उसळत्या फटकाऱ्यांची निसर्गचित्रे मला जास्त आवडतात, हे येथे सांगून टाकते.

चित्र केव्हा संपले हे ठरवण्यासाठी माझ्याजवळ एकच कसोटी आहे, आणि ती मामांच्या बोलण्यातून आलेली आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून मी डोळ्याने चित्र चढते. सगळीकडे वाट मिळाली तर चित्र सैल आहे. कोठेच वाट मिळाली नाही तर ते नुसती भिंत आहे. दोन-तीन ठिकाणी नजर अडून तिला आडवे जावे लागले, एखाद्या पदरावर थांबता आले, आणि एका जागी पुढे जाऊ नये असे वाटले, तर मी पत्रा खाली ठेवते. त्यानंतर मॅट वार्निशचा हात देते.

शीर्षकांचा प्रश्न त्यामानाने लहान, पण चिवट. कोकणकडा असे नाव दिले की पाहणारा पुन्हा बाह्यरेषा शोधू लागतो, आणि केवळ क्रमांक दिला की चित्र ज्या जागेचे ऋणी आहे ती लपवल्यासारखे होते. सध्या मी नोंद घेतली तो महिना आणि मी जेथे होते ती स्थिती एवढेच लिहिते: 'जुलै, काठावरून' किंवा 'मे, पायथ्याशी'. गिर्यारोहण करणारे लोक तरीही येतात आणि हा कोकणकडा का, असे विचारतात. ते कशावरून ओळखतात हे मी त्यांना विचारते, तेव्हा एकाने सांगितले की चित्राच्या खालच्या भागाकडे पाहताना त्याने नकळत पाय मागे घेतला होता.

गेल्या पावसाळ्यापासून मी रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे तिथल्या सपाट कातळपठारांवर, जाऊ लागले आहे, आणि तेथे हे सगळे तंत्र निरुपयोगी ठरले आहे. तेथल्या जांभ्या दगडाला बेसॉल्टसारखे थर नाहीत, त्याची धार फुटत नाही, तो भोकाभोकांचा आणि सपाट आहे. त्याच्यावर कडा नाही, पडण्याची भीती नाही आणि अंतर मोजायला काहीही नाही. बारसू, उक्षी, कशेळी येथील कातळशिल्पे त्याच दगडात कोरलेली आहेत, आणि त्यांपैकी मोठी चित्रे अशी आहेत की त्यांच्या शेजारी उभे राहून ती एका नजरेत मावत नाहीत, त्यांच्या कडेकडेने चालावे लागते. त्यासाठी मी फळीवर ॲक्रिलिकमध्ये भरड मीठ मिसळून थर देते आणि तो घट्ट झाल्यावर पाण्याने मीठ विरघळवून काढते. छिद्रे मिळतात, पण अजून ती फार एकसारखी येत आहेत, म्हणून सध्या तीन वेगवेगळ्या आकारांचे मीठ आणून ठेवले आहे.